चुलीपासून सुरुवात करा, व्याख्येपासून नको

संपादक महोदय,

पदवीचे पहिले वर्ष सुरू झाले की समाजशास्त्राच्या वर्गात फळ्यावर पहिली ओळ उमटते ती 'समाजशास्त्राच्या व्याख्या' अशी. खाली कोंत, दुर्खीम, वेबर, आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन-दोन ओळी. मुले त्या उतरवून घेतात, सत्रपरीक्षेत उतरवून देतात आणि मोकळी होतात. कुटुंब, जात, वर्ग, स्थलांतर हे सगळे ज्या शहरात लोकलच्या एकाच डब्यात खांद्याला खांदा लावून उभे असते, त्या शहरात या विषयाची ओळख इतकी कोरडी व्हावी हे खटकते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, मुलांच्या तोंडी 'फील्ड प्रोजेक्ट', आला आहे. एका क्रेडिटला प्रत्यक्ष कामाचे ३० तास या हिशोबाने दोन क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे ६० तास. औषध बरोबर आहे. ते घेतले जाते चुकीच्या रीतीने, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

सध्या बहुतेक ठिकाणी काय होते? विषय ठरतो 'एकत्र कुटुंबपद्धतीचा ऱ्हास'. म्हणजे ऱ्हास झाला हे पाहणीच्या आधीच ठरले. मग गूगल फॉर्म तयार होतो, तो वर्गाच्या आणि मावस-चुलत भावंडांच्या व्हॉट्सॲप गटांवर जातो, दोन दिवसांत ५० उत्तरे जमतात, त्यांची रंगीत वर्तुळे छापून स्पायरल बाइंडिंग होते. ही ५० माणसे कोण? फोनवर फॉर्म भरू शकणारी, बहुतेक विशीतली, आणि त्या विद्यार्थ्याला ओळखणारी. घरातली आजी त्यात नाही, रात्रपाळीचा वॉचमन नाही, पापड लाटणारी शेजारीण नाही. अशा उत्तरांवरून 'मुंबईतील कुटुंबसंस्था' या मथळ्याखाली एक वाक्यही लिहिता येत नाही. लिहिले जातात मात्र चाळीस पानांचे अहवाल.

खरे तर या विषयाचे इथले मूळ पायपिटीत आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो देशातला पहिला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनाकार. आराखड्याआधी पाहणी, हा त्यांचा आग्रह, आणि पाहणी म्हणजे गल्लीबोळांतून पायी फिरणे. १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी विभाग सांभाळला. ते स्वतः ग्रंथालयात रमणारे, पण त्यांच्या हाताखालून इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, आय. पी. देसाई यांच्यासारखी गावोगाव हिंडणारी माणसे तयार झाली. तेव्हा 'आपल्याकडे क्षेत्रकार्याची परंपराच नाही' ही सबब मुंबईत तरी चालू नये.

आता एक प्रकल्प नीट कसा होतो ते सविस्तर सांगतो. लालबाग-परळकडची एक चाळ धरा. तळमजला धरून चार मजले, दर मजल्याला २० खोल्या, एकूण ८०. प्रश्न साधा ठेवायचा: इथली माणसे कोणकोणत्या प्रकारच्या कुटुंबांत राहतात? चार विद्यार्थ्यांचा गट पुरे.

पहिल्याच दिवशी अडते ते 'कुटुंब' या शब्दावर. जनगणनेचे प्रगणक मोजतात ती चूल: एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे. आठ आणि नऊ नंबरच्या खोल्यांत दोन सख्खे भाऊ राहतात, चुली दोन आहेत, आई पंधरा दिवस इकडे आणि पंधरा दिवस तिकडे जेवते, गावच्या सातबाऱ्यावर दोघांची नावे आहेत, गणपती एकच बसतो आणि धाकट्याच्या मुलीची फी थोरला भरतो. चुलीच्या हिशोबाने ही दोन विभक्त कुटुंबे झाली. त्या भावांना विचारा, ते म्हणतील, 'आमचं एकत्रच आहे.' आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्याच्या अभ्यासात, तो १९६४ साली प्रसिद्ध झाला, नेमकी हीच गाठ सोडवली होती. निवास आणि चूल एवढ्यावर एकत्रपण ठरवू नका. मिळकत सामाईक आहे का, एकमेकांची जबाबदारी कोण घेतो, हेही मोजा, असे त्यांचे म्हणणे. पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत उरकलेले असते. आठ-नऊ नंबरच्या खोल्या पाहिलेल्या मुलीला त्या दोन ओळी पुन्हा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

शिधापत्रिकेवर विसंबणे ही पुढची चूक. पत्रिकेवर आठ नावे, जेवायला सहा आणि झोपायला पाच असा प्रकार चाळीत नवा नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव कमी झालेले नसते, गावी परतलेल्या काकांचे तर नसतेच. म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारायचे: काल रात्री या खोलीत कोण कोण झोपले, काल कोण कोण इथे जेवले, आणि या घरातून पैसे कोणाला जातात किंवा या घरात कोणाकडून येतात. तिन्ही याद्या बहुधा जुळत नाहीत. न जुळणे हेच उत्तर आहे, पण 'गोंधळ' म्हणून ते खोडून टाकायची सवय मुलांना कोणी लावली कोण जाणे. गिरणगावातल्या एखाद्या बैठकीच्या खोलीशी गाठ पडली तर आणखी मजा. एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष, पाळीपाळीने झोपणारे, जेवण बाहेर खानावळीत. इथे कुटुंबे किती? शून्य, एक की वीस? गटाने आधी बसून नियम ठरवावा, लिहून काढावा आणि सगळ्यांनी तोच पाळावा. दोघांनी एक म्हणून मोजले आणि दोघांनी वीस, तर बेरजेला काही अर्थ उरत नाही.

मग नमुना निवड. ८० पैकी साधारण २७ खोल्या घेतल्या तर साठ तासांत काम बसते. दर तिसरी खोली घ्यावी. सुरुवात एक, दोन की तीन नंबरपासून ते चिठ्ठी टाकून ठरवावे. तीनच का? मजल्याला खोल्या वीस आहेत. दर चौथी, पाचवी किंवा दहावी खोली घेतली तर वीसला तो आकडा पूर्ण भागतो आणि प्रत्येक मजल्यावर त्याच जागच्या खोल्या हाती येतात. दहाव्या खोलीचा हिशोब धरला तर जिन्यालगतची आणि संडासाशेजारची, एवढ्याच. कोपऱ्याच्या खोलीची पागडी निराळी, उजेड निराळा, भाडेकरूही बऱ्याचदा निराळे. तीनने वीसला भागत नाही, त्यामुळे मजल्यागणिक जागा सरकत जाते. ही बारकाई वर्गात शिकवायला दहा मिनिटे लागतात, पण नमुना निवडीच्या प्रकरणात मुले 'संभाव्यता नमुना' आणि 'असंभाव्यता नमुना' यांचे प्रकार पाठ करत बसतात.

निवडलेली खोली बंद असेल तर शेजारची उघडी खोली घ्यायची नाही. हा मोह सगळ्यांना होतो आणि त्यानेच सगळा नमुना वाकडा होतो, कारण दुपारी उघड्या असणाऱ्या घरांत म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात, तर बंद असणाऱ्या घरांत दोघेही नोकरीला जातात. सकाळी अकराला जाऊन केलेल्या पाहणीत 'स्त्रिया बहुतांशी गृहिणी' असा निष्कर्ष निघतो तो याच वाटेने. एकाच खोलीवर तीन वेगवेगळ्या वेळी जायचे: एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातनंतर, एकदा रविवारी सकाळी, एकदा सुट्टीच्या दुपारी. तिसऱ्यांदाही भेट झाली नाही तर तशी नोंद करायची आणि अहवालात आकडा द्यायचा. '२७ पैकी २३ घरांनी उत्तरे दिली, दोघांनी नकार दिला, दोन खोल्या तिन्ही वेळा बंद होत्या' हे वाक्य ज्या अहवालात नाही तो अहवाल परत करावा.

प्रश्न विचारण्याबद्दल. उत्तर देणाऱ्याने स्वतः भरायची ती प्रश्नावली आणि पाहणी करणाऱ्याने समोर बसून भरायची ती अनुसूची. चाळीत अनुसूचीच वापरावी. 'एकत्र कुटुंबात मुलांवर चांगले संस्कार होतात असे तुम्हाला वाटते का?' या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे. असा प्रश्न कापावा. 'घर आणि शेजार समाधानकारक आहे का?' यात प्रश्न दोन आणि उत्तराला जागा एक. वयाचे गट २०-३०, ३०-४० असे पाडले की तीस वर्षांच्या माणसाने कुठे बसायचे? २०-२९, ३०-३९ असे पाडावेत. इतक्या साध्या चुका असतात, आणि छापून शंभर प्रती काढल्यावर ध्यानात येतात. म्हणून दुसऱ्याच एखाद्या चाळीतल्या पाच घरांत आधी अनुसूची चालवून पाहावी. ती पाच घरे मुख्य मोजणीत धरू नयेत.

सगळ्यांत घसरतो तो कामाचा प्रश्न. 'पत्नी काय करतात?' असे नवऱ्याला विचारले की उत्तर येते, 'काही नाही, घरीच असते.' त्याच वेळी त्या बाई आत इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवत असतात किंवा चार डबे भरत असतात. राष्ट्रीय पातळीवरच्या श्रमबल पाहणीत विचारले जाते ते गेल्या सात दिवसांबद्दल, आणि त्यात एखाद्या दिवशी निदान एक तास काम केले असेल तरी ते मोजले जाते. तोच प्रश्न घ्यावा, बाईंनाच विचारावा, आणि नवरा समोर नसताना विचारता आला तर उत्तम. श्रमविभागणी आणि लिंगभाव यांवरच्या दोन व्याख्यानांनी जे होत नाही ते या एका प्रश्नाने होते. उत्पन्न थेट विचारू नये, खोटे मिळते. उत्पन्नाचे पाच गट छापलेले कार्ड हातात द्यावे आणि फक्त गटाचे अक्षर सांगायला सांगावे.

६० तासांची वाटणी अंदाजे अशी बसते: वाचन आणि प्रश्न ठरवण्याला ८, चाळीचा नकाशा आणि खोल्यांची यादी ६, अनुसूची ८, चाचणी ४, मुलाखती आणि फेऱ्या १८, तक्ते ८, लेखन ८. नोंदी त्याच रात्री साफ लिहाव्यात; दुसऱ्या दिवशी निम्मे आठवत नाही. आणि प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या रामपुऱ्यात केलेल्या कामाच्या, मूळ टिपणांवरून तयार केलेल्या नोंदींच्या तीन प्रती होत्या, पण तिन्ही एकाच खोलीत. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या, नव्हे लावलेल्या, आगीत त्या गेल्या. पुढचे पुस्तक त्यांना बव्हंशी आठवणीवर लिहावे लागले. सगळ्यांची स्मरणशक्ती श्रीनिवासांची नसते.

तक्त्यांबद्दल एवढेच: २७ घरांत एक घर म्हणजे जवळजवळ चार टक्के. तिथे '३७.०४ टक्के' लिहिणे म्हणजे किराणा दुकानाच्या तराजूवर सोने तोलणे. '२७ पैकी १०' लिहा. ८० खोल्यांच्या चाळीवरून मुंबईबद्दल बोलू नका, त्या चाळीबद्दल बोला. तेच पुष्कळ आहे.

एका चाळीतले आकडे मोठ्या आकड्यांशी जोडता येतात, ते मात्र जरूर जोडावेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत तोच आकडा नऊशेच्या खाली होता. हे आकडे शेजारी लिहून वर्गाला कारण विचारा. पहिले उत्तर हमखास येते, 'कोकणात मुलींचा आदर होतो.' मग सहा वर्षांखालच्या मुलांचा तक्ता दाखवा: तिथे रत्नागिरीतही मुली हजाराला हजार नाहीत, कमीच आहेत. म्हणजे जन्माच्या वेळचा फरक हे कारण नव्हे. कामाच्या वयाचे पुरुष कुठे गेले? ते वरच्या चाळीत आहेत, बैठकीच्या खोलीत झोपले आहेत. चाकरमानी हा शब्द ज्या घरात रोज बोलला जातो त्या घरातल्या मुलाला स्थलांतर या संकल्पनेची व्याख्या पाठ करावी लागू नये. आकड्याचे पहिले सुचेल ते स्पष्टीकरण घेऊ नका, ते खोटे ठरवू शकेल असा दुसरा आकडा शोधा, ही सवय पहिल्या वर्षात लागली तर बाकीचा अभ्यासक्रम थोडा मागे राहिला तरी चालेल.

गिरणी संपाचेही तसेच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये खाजगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांत फरक केला, तो बेकारीचे उदाहरण देऊन: लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याची लायकी आणि संधी तपासा, पण पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर व्यवस्थेकडे पाहा. आपल्याकडे मुले तेच अमेरिकन उदाहरण घोकतात. १८ जानेवारी १९८२ ला इथे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा ती नोकरी दिसली नाही. ज्या कॉलेजात हा पाठ शिकवला जातो त्याच्या खिडकीतून कदाचित जुन्या गिरणीच्या जागेवरचा टॉवर दिसत असेल.

जातीचे प्रकरण अधिक नाजूक, आणि तिथे घोकंपट्टीही अधिक. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात जातीची सहा वैशिष्ट्ये दिली. ती गाइडमध्ये क्रमांकासह असतात आणि दहा गुणांना येतात. त्यांतली कोणती आज या शहरात ढिली झाली आणि कोणती घट्ट राहिली, हे कोणी विचारत नाही. खानावळीत शेजारी कोण बसले हे आता कोणी पाहत नाही. लग्नाचे तसे नाही: २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास निघाले. यासाठी खरे तर डॉ. आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेला निबंध पहिल्याच महिन्यात वर्गात वाचायला हवा. वयाच्या पंचविशीत लिहिलेल्या त्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ अंतर्विवाहात, म्हणजे गटातल्या गटातच लग्न करण्यात, पाहिले आणि तो टिकवणे हा मुळात संख्येचा पेच आहे हे दाखवले. बंद गटात स्त्री-पुरुषांची संख्या बरोबरीत राहायला हवी. नवरा आधी मेला की एक स्त्री जास्तीची होते, बायको आधी मेली की एक पुरुष. ती स्त्री गटाबाहेर लग्न करू नये म्हणून सती किंवा सक्तीचे वैधव्य, आणि त्या पुरुषासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून वधू, म्हणजे बालविवाह. तीन वेगवेगळ्या 'प्रथा' म्हणून शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी इथे एका हिशोबातून उलगडतात. प्रकल्पात मात्र जात विचारताना 'सांगायचे नसेल तर सांगू नका' हे वाक्य आधी म्हणायचे, आणि न सांगणाऱ्याच्या आडनावावरून अंदाज करून रकाना भरायचा नाही. हा अंदाज सर्रास भरला जातो. तो अभ्यास नाही, आगाऊपणा आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. 'व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा' या प्रश्नांपैकी एक तरी काढून टाका आणि त्या जागी सहा ओळींचा एक तक्ता द्या: यातून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, आणखी कोणता आकडा लागेल? गाइडवाल्यांना त्याचे उत्तर छापता येणार नाही.

चाळ कमिट्या आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे. मुले दारात आली तर कॉलेजच्या शिक्क्याचे पत्र मागा, अनुसूची आधी वाचायला मागा. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, फोटो यांतले काहीही या कामाला लागत नाही. कोणी मागितले तर सरळ परत पाठवा. बाकी मात्र त्यांना येऊ द्या. खोल्यांची नुसती क्रमांकांची यादी दिली, नावे न देता, तरी त्यांचे अर्धे काम होते. रविवारी दहा ते साडेबारा ही वेळ फलकावर लावली तर वारंवार दार वाजणार नाही.

गणपतीच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचा आठवडा विद्यार्थ्यांनी टाळलेला बरा. निम्मी चाळ कोकणात असते. पण त्या दिवसांत गेलातच तर कुलूप पाहून 'नकार' लिहू नका. 'गावी' असे लिहा, आणि मंडळी परत आली की दारावर पुन्हा टकटक करा: तिथे चूल कोणाची पेटली, आणि जेवायला किती जण होते?

आपले,
समाजशास्त्राचे काही अध्यापक
दादर, मुंबई